संजीवक अडकवायचे की बांधायचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तपकिरी शैवालातले अल्जिनेट आणि लाल शैवालातले अगर, कॅरेजिनन या बहुशर्करांमध्ये एनएए (नॅफ्थॅलिन ॲसिटिक आम्ल), जिबरेलिक आम्ल, बीएपी (बेंझिलॲमिनोप्युरीन) अशी संजीवके, म्हणजे झाडाची वाढ नियंत्रित करणारी द्रव्ये, भरायची आणि ती झाडाला सावकाश मिळतील अशी सोय करायची, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. काही पत्रे प्रयोगशाळेत अडलेल्या विद्यार्थ्यांची आहेत, तर काही ऊतीसंवर्धन आणि रोपवाटिकेत काम करणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये एनएए मिसळून द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडले. मणी सुरेख झाले. पण पाण्यात टाकताच दोन-तीन तासांत सगळे एनएए बाहेर आले. कॅल्शियम क्लोराइड २ वरून ५ टक्के केले तरी फरक नाही. काय चुकते आहे?

तुमची कृती बरोबर आहे. कॅल्शियमने बांधलेल्या अल्जिनेटकडून तुम्ही जे काम मागता आहात, ते त्याच्या आवाक्यातले नाही. या जेलच्या जाळीची छिद्रे साधारण ५ नॅनोमीटर किंवा त्याहून मोठी असतात आणि एनएएचा रेणू १ नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. मासे धरायच्या जाळ्यात वाळू राहत नाही, तसेच हे आहे. कॅल्शियम वाढवल्याने मणी कडक होतो, थोडा आकसतोही, पण छिद्रे एनएएला अडवण्याइतकी बारीक होत नाहीत. एवढ्या लहान रेणूचा ओल्या जेलमधला विसरणाचा (पसरत बाहेर जाण्याचा) वेग पाण्यातल्या वेगापेक्षा फारसा कमी नसतो. अडीच मिलिमीटर व्यासाचा मणी ढवळत्या पाण्यात तासाभराच्या आत रिकामा व्हावा, असाच हिशेब येतो. तुमच्याकडे दोन-तीन तास लागले ते बहुधा पाणी स्थिर असल्यामुळे, किंवा एनएए पूर्ण विरघळलेले नसून स्फटिकरूपात अडकल्यामुळे. पाण्यात ते लिटरला जेमतेम ४०० मिलिग्रॅम विरघळते.

त्यात भर म्हणजे एनएएचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू भारित होतात तो आकडा) सुमारे ४.२ आहे. सामू त्याच्या वर गेला की ते ऋणभारित होते. अल्जिनेटची कार्बोक्सिल टोकेही ऋणभारित असतात. त्यामुळे जाळी त्याला धरून ठेवण्याऐवजी बाहेरच ढकलते.

दुसरी गळती अनेकांच्या लक्षात येत नाही. मणी ज्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पडतात, त्यातच बरेचसे एनएए निघून जाते. ५० मिली मणी २०० मिली द्रावणात रात्रभर ठेवले, तर दोन्हीकडची तीव्रता सारखी होईपर्यंत एनएए झिरपत राहते. म्हणजे पाचातले चार भाग तिथेच गेले! मणी गाळल्यावर ते द्रावण फेकू नका. २८० नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजा आणि मण्यांत खरोखर किती उरले ते काढा. तोटा टाळण्यासाठी मणी १०-१५ मिनिटांतच बाहेर काढावेत, द्रावण कमी घ्यावे, किंवा त्यातही तितक्याच तीव्रतेचे एनएए आधी घालून ठेवावे.

कायटोसान या धनभारित बहुशर्करेचा थर किंवा बेंटोनाइट मातीची भर यांनी तासांचे दिवस होऊ शकतात. आठवडे हवे असतील तर संजीवक बहुशर्करेला रासायनिक बंधाने जोडण्याला पर्याय नाही.

प्रश्न : जोडायचे तर एस्टर करावा की अमाइड? आणि कोणती बहुशर्करा घ्यावी?

संजीवक सुटायला किती दिवस लागावेत आणि माध्यमाचा सामू काय असेल, हे आधी ठरवा. बंधाची निवड त्यावरूनच होते.

एनएए, आयबीए, आयएए या ऑक्सिन वर्गातल्या संजीवकांना कार्बोक्सिल गट असतो आणि बहुशर्करेवर हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात. दोन्हींमधून एस्टर होतो. पाण्यात तो हळूहळू तुटतो आणि मूळ संजीवक जसेच्या तसे परत मिळते. आम्लारी बाजूला सामू एक अंकाने वाढला की हे जलअपघटन सुमारे दहापट वेगाने होते. सामू ८.५च्या चुनखडीयुक्त मातीत आणि सामू ५.५च्या कोकोपीटमध्ये एकच पदार्थ सारखा वागेल ही आशा सोडून द्यावी. सामू ५ ते ७ या पट्ट्यात एस्टर बराच टिकतो. मातीतल्या सूक्ष्मजीवांची विकरे मात्र तिथेही त्याला तोडतात.

अमाइड बंध सामान्य तापमानाला नुसत्या पाण्याने जवळजवळ तुटतच नाही, त्याला विकरेच लागतात. निर्जंतुक ऊतीसंवर्धनात अमाइडने बांधलेले ऑक्सिन बाटलीत तसेच पडून राहते आणि प्रयोग फसला असे वाटते. सजीव मातीत, दीर्घ मुदतीसाठी मात्र त्याचा विचार करायला हरकत नाही.

बहुशर्करेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. जोडकाम शिकायचे असेल तर अल्जिनेटपासून सुरुवात करा, कारण ते थंड पाण्यात विरघळते आणि जोडणीनंतरही कॅल्शियमने त्याचे मणी बनवता येतात. कॅरेजिननला आम्ल सोसत नाही. त्यातल्या ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोजजवळचा बंध गरम आम्लात पटकन तुटतो. अगरवर भार जवळजवळ नसल्यामुळे ते ऋणभारित ऑक्सिनाला ढकलत नाही. पण ते विरघळवायला उकळते पाणी लागते आणि तितक्या तापमानात जोडलेला एस्टर धोक्यात येतो.

प्रश्न : अल्जिनेटवर एनएएचा एस्टर करण्याची खात्रीची कृती द्याल का? पाण्यात कार्बोडायइमाइड वापरून पाहिले, पण काहीच जोडले गेले नाही.

पाण्यात एस्टर होणे कठीणच. कार्बोडायइमाइडने सक्रिय केलेल्या एनएएभोवती पाण्याचे रेणू शर्करेच्या हायड्रॉक्सिलपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात, त्यामुळे ते पाण्याशीच संयोग पावून पुन्हा आम्ल होते. शिवाय कार्बोडायइमाइड अल्जिनेटची कार्बोक्सिलही सक्रिय करते आणि त्यातून कायमस्वरूपी एन-असिलयुरिया तयार होतो. म्हणून पाणी टाळायचे. पण सोडियम अल्जिनेट कार्बनी विद्रावकात विरघळत नाही, म्हणून सोडियमच्या जागी टेट्राब्युटिलअमोनियम, म्हणजे टीबीए, बसवायचा.

मध्यम किंवा कमी चिकटपणाचे ५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट घ्या. ते ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात (पाणी आणि इथेनॉल समभाग, एकूण १५० मिली) ४ अंश सेल्सियसला रात्रभर ढवळा. इथेनॉल असल्याने ते विरघळत नाही, फक्त सोडियम निघून जातो. गाळून घ्या आणि धुवण सिल्व्हर नायट्रेटने गढूळ होणे थांबेपर्यंत इथेनॉलने धुवा. ओलसर अल्जिनिक आम्ल १०० मिली पाण्यात पसरवा. ४० टक्के टीबीए हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत सामू ७वर आणा. द्रावण स्वच्छ झाले पाहिजे. सामू ७च्या फार वर गेला तर साखळी तुटण्याचा धोका असतो, म्हणून शेवटचे थेंब सावकाश घाला. मग गोठवून वाळवा. कोरड्या ५ ग्रॅमपासून जास्तीत जास्त १०.५ ग्रॅम टीबीए अल्जिनेट मिळते. पुडीतल्या सोडियम अल्जिनेटमध्ये मात्र साधारणतः १० ते १५ टक्के ओल असते, ती आधी वजा करा.

आता जोडणी. टीबीए अल्जिनेट ४.१८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल शर्करा-एकके, ४०-५० अंशांना निर्वातात रात्रभर वाळवून १५० मिली कोरड्या डीएमएसओ या कार्बनी विद्रावकात ढवळा. नुसत्या डीएमएसओमध्ये बऱ्याचदा ते फुगून धुरकट राहते. टीबीए फ्लोराइड घातले की स्वच्छ होते. पण बहुतेक बाटल्यांत त्याचे ट्रायहायड्रेट असते आणि १ ग्रॅम ट्रायहायड्रेटबरोबर सुमारे ९.५ मिलिमोल पाणी आत येते. आपण एनएए घेणार फक्त ३ मिलिमोल, तेव्हा हे पाणीच ते गिळून टाकते. म्हणून द्रावण स्वच्छ होण्यापुरतेच घाला आणि सक्रिय एनएए मिसळण्याआधी द्रावण ताज्या तापवलेल्या मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषणाऱ्या खड्यांवर) काही तास ठेवा. जोडणीचे प्रमाण दर वेळी वेगळे येत असल्याची तक्रार अनेक पत्रांत आहे. अशा वेळी सर्वांत आधी इथल्या पाण्यावर संशय घ्यावा.

दुसऱ्या फ्लास्कमध्ये एनएए ५५९ मिलिग्रॅम (३ मिलिमोल) १० मिली कोरड्या डीएमएसओमध्ये विरघळवा आणि त्यात कार्बोनिलडायइमिडाझोल, म्हणजे सीडीआय, ४८६ मिलिग्रॅम (३ मिलिमोल) थोडे-थोडे घाला. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, म्हणून फ्लास्कला बूच घट्ट लावू नका. बुडबुडे थांबल्यावर, अर्ध्या ते एका तासाने, ते अल्जिनेटच्या द्रावणात ओता. डीएमएपी हे उत्प्रेरक ३७ मिलिग्रॅम घाला आणि नायट्रोजनखाली ४० अंशांना २४ तास ढवळा. सीडीआय एनएएपेक्षा जास्त घेऊ नका. उरलेले सीडीआय दोन साखळ्यांची हायड्रॉक्सिल कार्बोनेटने जोडते. द्रावणात न विरघळणाऱ्या जेलीच्या गाठी दिसल्या, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

शेवटी २ मोलर मिठाचे पाणी १० मिली घालून चार-पाच पट थंड इथेनॉलमध्ये ओता. पुन्हा सोडियम मीठ झालेला पदार्थ तंतूंच्या रूपात साक्यासारखा वेगळा होतो. तो ०.१ मोलर मिठाच्या पाण्यात सामू ६ ते ६.५ ठेवून विरघळवा आणि १२-१४ हजार डाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत ४ अंशांना डायलिसिस करा. पहिला दिवस ०.०५ मोलर मिठाच्या पाण्यात, पुढचे दोन दिवस शुद्ध पाण्यात, दिवसातून तीन वेळा पाणी बदलत. नंतर गोठवून वाळवा.

मिठाचा टप्पा गाळू नका. टीबीए झाडाला घातक आहे. एनएमआर वर्णपटात ०.९ पीपीएमजवळ त्याची मिथिल रेषा दिसत राहिली, तर पदार्थ झाडाला देऊ नका, मिठाचे डायलिसिस पुन्हा करा. आणि फ्लोराइड असलेल्या द्रावणात आम्ल कधीही घालू नका, त्यातून हायड्रोजन फ्लोराइड मोकळा होतो. हातमोजे, चष्मा आणि वायू ओढून घेणारे कपाट (फ्यूम हूड) आवश्यक आहेत.

प्रश्न : आमच्या पदार्थाच्या एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) आलेखात १७४० प्रति सेंटीमीटरला ठळक रेषा आहे. एस्टर झाला असे लिहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. अल्जिनेटची काही कार्बोक्सिल आम्लरूपात राहिली तरी १७३०-१७४०च्या आसपास रेषा येते. सामू ७ला आणून, वाळवून आलेख पुन्हा घ्या. आम्लरूप असेल तर रेषा नाहीशी होऊन १६०० जवळच्या कार्बोक्सिलेटच्या पट्ट्यात मिसळेल. एस्टर असेल तर ती जागेवर राहील. तरीसुद्धा आत नुसतेच अडकलेले एनएए किती आहे, हे एफटीआयआर सांगू शकत नाही. यूव्ही शोषणालाही बांधलेले आणि अडकलेले यांतला फरक कळत नाही.

याचा सर्वांत भरवशाचा पुरावा स्वस्तातला आहे. सगळे तेच घ्या, फक्त सीडीआय वगळा. तेवढेच तास ढवळा, तसेच धुवा, तसेच डायलिसिस करा. या सीडीआयविना केलेल्या जोड नमुन्यात एनएए सापडले नाही, तर मूळ नमुन्यातले एनएए बांधलेले आहे असे म्हणता येते. सापडले, तर तुमचे धुणे अपुरे आहे, आणि त्यावर काढलेला मुक्ततेचा (संजीवक सुटण्याचा) प्रत्येक आलेख धुण्याचाच आलेख आहे. हा जोड नमुना नसलेला निष्कर्ष आम्ही मान्य करत नाही, आणि तुम्हीही करू नये.

मग प्रमाण काढा. ५० मिलिग्रॅम पदार्थ १० मिली ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांना तीन तास ठेवा. थंड करून सामू २वर आणा. अल्जिनिक आम्ल खाली बसेल, ते सेंट्रिफ्यूज करा. वरचे पाणी इथाइल ॲसिटेटने तीनदा ओढून घ्या आणि एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) २८० नॅनोमीटरला एनएए मोजा. खाली बसणारे अल्जिनिक आम्ल थोडे एनएए सोबत ओढून नेते. म्हणून कोऱ्या अल्जिनेटमध्ये माहीत असलेले एनएए घालून त्यातले किती परत मिळते तेही तपासा.

समजा १ ग्रॅम पदार्थातून ५० मिलिग्रॅम एनएए निघाले. ५० भागिले १८६.२ (एनएएचा रेणुभार) म्हणजे ०.२६९ मिलिमोल. जोडताना पाण्याचा एक रेणू निघून जात असल्याने प्रत्येक मिलिमोलमागे पदार्थात १६८.२ मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. उरलेले ९५५ मिलिग्रॅम अल्जिनेट. त्याला १९८.१ने (सोडियम अल्जिनेटच्या एका एककाच्या रेणुभाराने) भागले की ४.८२ मिलिमोल एकके. ०.२६९ भागिले ४.८२ म्हणजे ०.०५६. सोप्या भाषेत, दर अठरा शर्करा-एककांमागे एक एनएए. कामासाठी एवढे पुरते. फार जास्त जोडले तर नॅफ्थिल वलये पाण्यात एकमेकांना चिकटतात, पदार्थ नीट विरघळत नाही, कॅल्शियमबरोबर मणी ठिसूळ होतात आणि गुठळ्यांच्या आतल्या एस्टरपर्यंत पाणी पोचत नाही.

प्रश्न : परआयोडेटने अल्जिनेटवर अल्डिहाइड गट आणून त्याला बीएपी जोडायचे होते. द्रावण पाण्यासारखे पातळ झाले, मणीही होईनात.

इथे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत.

पहिली परआयोडेटची. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधला बंध तोडून दोन अल्डिहाइड देते. त्या जागी वलय उघडते, साखळी लवचिक होते, आणि कॅल्शियम धरून ठेवणारे ग्युलुरोनिक खंडही त्यात खर्ची पडतात. सोबत मुक्त मूलकांमुळे साखळी तुटतेही. म्हणून एककांच्या ५ टक्क्यांवर जाऊ नका. १० ग्रॅम सोडियम अल्जिनेट म्हणजे ५०.५ मिलिमोल, त्याच्या ५ टक्के म्हणजे २.५ मिलिमोल, म्हणजेच ५४० मिलिग्रॅम सोडियम परआयोडेट. १ टक्का द्रावणात, १० टक्के एन-प्रोपॅनॉल घालून (ते मूलके टिपते), अंधारात, खोलीच्या तापमानाला २४ तास. मग परआयोडेटइतक्या मोलांचे इथिलीन ग्लायकॉल घालून अर्धा तास ढवळा, म्हणजे उरलेले परआयोडेट संपते. पुढे सामू ७च्या वर नेऊ नका. ऑक्सिडीकृत अल्जिनेट आम्लारीत फार लवकर तुटते. अल्डिहाइड किती झाले ते हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड घालून सुटलेल्या आम्लाचे अनुमापन करून काढा.

दुसरी अडचण बीएपीची, आणि ती पद्धत सुधारून सुटणारी नाही. बीएपीवरचा सहाव्या जागेचा नायट्रोजन द्वितीयक आहे आणि त्याची इलेक्ट्रॉन जोडी प्युरीन वलयात गुंतलेली आहे. अल्डिहाइडशी टिकाऊ इमाइन करायला प्राथमिक अमाइन लागते. म्हणून तुमच्या अल्डिहाइडने बीएपी पकडलेच नाही. मातीच्या सामूला ते भारहीन असते, तेव्हा आयनांच्या ओढीने धरण्याचीही सोय नाही. बीएपीसाठी बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (आत पोकळी असलेली कड्यासारखी शर्करा) अल्जिनेटला जोडून त्याच्या पोकळीत ते बसवणे हा योग्य मार्ग आहे. ॲमिनो गट असलेले सायक्लोडेक्स्ट्रिन तुमच्या अल्डिहाइडला जोडता येते. इमाइन पाण्यात उलटते, म्हणून सोडियम सायनोबोरोहायड्राइडने ते पक्के करा. हे विषारी आहे, आम्लाशी सायनाइड वायू देते, म्हणून सामू ६च्या खाली नेऊ नका. तुमचे ऑक्सिडेशन वाया गेलेले नाही, फक्त त्याला वेगळे काम द्या.

प्रश्न : गरम कॅरेजिननमध्ये जिबरेलिक आम्ल घालून जेल केले. झाडावर परिणाम दिसला नाही.

बहुधा ते गरम द्रावणातच बिघडले. जिबरेलिक आम्लाला उष्णता आणि आम्लारी दोन्ही सोसत नाहीत. आम्लारीत त्याचे लॅक्टोन सरकून निष्प्रभ रूप होते. म्हणूनच त्याचा एस्टर करण्याच्या आम्ही विरोधात आहोत. जी स्थिती एस्टर तोडते, तीच संजीवकालाही मारते.

कप्पा कॅरेजिननचे सोडियम रूप घ्या आणि ते गरम पाण्यात विरघळवा. पोटॅशियम नसल्याने ते थंड होतानाही ओतता येते. ३५-४० अंशांवर, सामू ५ ते ५.५ असताना, जिबरेलिक आम्ल मिसळा आणि ३ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या थंड द्रावणात थेंब सोडा. वरून ०.५ टक्के कायटोसानच्या सामू ५च्या द्रावणात वीस मिनिटे बुडवून थर चढवा. काही दिवसांचा पुरवठा मिळेल. ओल्या जेलमध्ये ते साठवून ठेवू नका, वापरायच्या वेळीच करा.

प्रश्न : फॉस्फेट बफरमध्ये आमचे अल्जिनेट मणी दुसऱ्या दिवशी विरघळून गेले, पण शुद्ध पाण्यात आठवडाभर तसेच राहिले. खरी मुक्तता कोणती?

दोन्ही नाहीत. फॉस्फेट मण्यातला कॅल्शियम ओढून घेते आणि बफरमधला सोडियम त्याची जागा घेतो. मग मणी फुगतो आणि विरघळतो. तुम्ही मोजलेली मुक्तता मणी मोडण्याची होती. सायट्रेटचेही तसेच. शुद्ध पाण्यात मात्र एस्टर तुटून निघालेल्या आम्लाने सामूच खाली जातो, आणि पुढचे तुटणे मंदावते.

मातीतल्या पाण्याच्या जवळ जायचे तर ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड घ्या आणि सामू एमईएस बफरने ६ला किंवा एचईपीईएस बफरने ७.५ला धरून ठेवा. २५ अंश तापमान, सावकाश हलवणे, अंधार. आयएए असेल तर अंधार विशेष महत्त्वाचा, ते उजेडात बिघडते. मोजायला ५ मिली काढले तर ५ मिली ताजे घाला, आणि पुढच्या हिशेबात काढलेले एनएए मिळवा. हे न केल्यामुळे आलेख शेवटी खाली वळलेला दिसतो, जे एकत्रित मुक्ततेत शक्यच नाही.

आठवड्यांच्या प्रयोगात सूक्ष्मजीव वाढतात, शर्करा खातात आणि एनएएही खातात. एका संचात ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला, एकात घालू नका. दोन्हींतला फरक म्हणजे सूक्ष्मजीवांचा वाटा. अझाइड विषारी आहे, त्यात आम्ल मिसळू नका.

आणखी एक. मुक्ततेच्या आलेखाला लावायच्या कोर्समेयर-पेप्पास समीकरणातला घातांक पहिल्या ६० टक्के मुक्ततेपुरताच काढायचा असतो. गोल मण्यासाठी ०.४३ म्हणजे निव्वळ विसरण. शंभर टक्क्यांपर्यंतचे सगळे बिंदू घालून काढलेल्या घातांकाला अर्थ नाही. बांधलेल्या एस्टरसाठी तर आधी साधा प्रथम क्रमाचा आलेख काढून पाहा, कारण तिथे वेग विसरण ठरवत नाही, बंध तुटणे ठरवते.

प्रश्न : वाळवलेले मणी खडे होतात आणि पाण्यात परत फुगत नाहीत.

गरम हवेत वाळताना जाळी कोसळते आणि साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात. मणी पाडण्याआधीच अल्जिनेटच्या द्रावणात १ ते २ टक्के बेंटोनाइट किंवा स्टार्च घाला आणि तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. गोठवून वाळवले तर मणी सच्छिद्र राहतात, पण संजीवक सुटण्याचा सुरुवातीचा लोंढा वाढतो. एस्टरने बांधलेल्या पदार्थासाठी खडे झालेले मणी फारसे वाईट नाहीत, ते हळू भिजतात इतकेच.

प्रश्न : कुंडीतल्या कलमांना असा पदार्थ किती द्यायचा, हे कसे ठरवायचे?

भरलेल्या एकूण एनएएवरून ठरवू नका. रोज किती सुटते आणि रोज किती नष्ट होते, यावरून ठरवा. उदाहरण म्हणून आकडे धरू. कुंडीच्या माध्यमात ५०० मिली पाणी आहे. त्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम एनएए कायम राहायला हवे, म्हणजे कुंडीत ०.०५ मिलिग्रॅम. माध्यमात त्याचा अर्धायुकाल ३ दिवस असेल तर रोज सुमारे २३ टक्के नाहीसे होते, म्हणजे ०.०११५ मिलिग्रॅम. पदार्थात ग्रॅमला ५० मिलिग्रॅम एनएए असून रोज १ टक्का सुटत असेल, तर ग्रॅममागे रोज ०.५ मिलिग्रॅम मिळते. गरज भागवायला सुमारे २३ मिलिग्रॅम पदार्थ पुरतो. अर्धायुकाल आणि सुटण्याचा दर हे दोन्ही आकडे तुमच्या माध्यमात, तुमच्या सामूला मोजलेले हवेत. तापमान वाढले की सुटणे आणि नष्ट होणे दोन्ही वाढतात, पण सारख्या प्रमाणात नाही.

ऑक्सिनाच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगले नव्हे. प्रमाण ओलांडले की वनस्पतीत इथिलीन वाढते, पाने खाली वळतात, खोड फुगते आणि मुळे फुटूनही लांबत नाहीत. कमीत कमी मात्रेपासून तिपटी-तिपटीने वर जा.

तुलनेसाठी चार कुंड्या वेगळ्या ठेवा: नुसते पाणी, तेवढ्याच एनएएचे साधे द्रावण, कोरे अल्जिनेट, आणि कोरे अल्जिनेट अधिक साधे एनएए. शेवटच्या दोन फार महत्त्वाच्या आहेत. अल्जिनेट तुटून होणाऱ्या लहान साखळ्यांचा स्वतःचाही वाढीवर परिणाम होतो. कोरे अल्जिनेट आम्ही सांगितलेल्या कृतीच्या प्रत्येक टप्प्यातून नेलेले असावे, थेट बाटलीतले नको. टीबीए, डीएमएसओ किंवा डीएमएपी उरले असेल, तर ते इथेच उघड होईल.

प्रश्न : तयार पदार्थ किती काळ ठेवता येतो?

पूर्ण कोरडा, सिलिका जेलसह घट्ट बंद, ४ अंशांना, अंधारात ठेवा. ओल आत गेली की एस्टर साठवणीतच तुटू लागतो. दर महिन्याला ५० मिलिग्रॅम पदार्थ ७० टक्के थंड इथेनॉलने धुवा आणि धुवणात मोकळे एनएए किती ते एचपीएलसीवर मोजा. ते एकूण एनएएच्या २ टक्क्यांवर गेले, तर सगळा साठा पुन्हा इथेनॉलने धुवून, वाळवून घ्या आणि जोडणीचे प्रमाण नव्याने मोजल्याशिवाय मात्रेच्या हिशेबात वापरू नका. पाण्यात विरघळवलेला पदार्थ साठवू नका.